वीज क्षेत्रातल्या मक्तेदारीला दंड किती, आणि तो भरतो कोण?

ऐरोलीकर
रबाळ्याच्या आमच्या वर्कशॉपचं बिल आलं की मी आधी इंधन समायोजन शुल्काची ओळ बघतो. कोळसा महाग पडला की ती फुगते. म्हणून कोल इंडियाचं प्रकरण परत वाचून काढलं. महानिर्मितीची, म्हणजे राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीची, तक्रार होती की कोळसा निकृष्ट, नमुने तपासायच्या अटी एकतर्फी, आणि दुसरीकडून घ्यावा तर देशात पुरवठादारच नाही. डिसेंबर 2013 मध्ये स्पर्धा आयोगाने 1,773.05 कोटींचा दंड ठोठावला. अपिलात आदेश रद्द होऊन प्रकरण परत आलं. 2017 मध्ये आयोगाने पुन्हा दोषी धरलं, पण दंड 591.01 कोटी! सरासरी उलाढालीच्या 3 टक्क्यांवरून थेट 1 टक्का. 'स्पर्धा कायदा आम्हाला लागूच नाही' हा कंपनीचा मुद्दा सुप्रीम कोर्टाने फेटाळेपर्यंत जून 2023 उजाडला.

तरी स्पर्धा कायद्यात उलाढालीच्या 10 टक्क्यांपर्यंत जाता येतं. वीज कायदा 2003 बघा. वर्चस्वाचा गैरवापर झाला तर कलम 60 खाली वीज नियामक आयोग निर्देश देणार. ते मोडले तर कलम 142 प्रमाणे 1 लाखापर्यंत दंड, आणि तरी चालूच ठेवलं तर दिवसाला 6,000. हजारो कोटींच्या कंपनीला हा चहापाण्याचा खर्च. इथेही दंड टक्क्यातच हवा.

कळवा_पूर्व
कोल इंडियात मोठा वाटा केंद्र सरकारचा, आणि स्पर्धा आयोगाचा दंड जमा होतो केंद्राच्याच तिजोरीत. या खिशातून त्या खिशात. तुमच्या त्या ओळीतून एक पैसा तरी कमी झाला का दादा?

माजी_उपअभियंता
वीज मंडळ असल्यापासून नोकरी केली आहे, म्हणून स्पष्ट बोलतो. उद्या महावितरणला 1 टक्का दंड लावलात तर तो दरवाढीतून तुमच्याच अंगावर येणार. चोर सोडून संन्याशाला सुळी.

ऐरोलीकर
काका, दंडाची रक्कम दरात धरायची नाही असं वीज आयोग सांगू शकतो की.

माजी_उपअभियंता
सांगेल. मग देखभालीला कात्री लागेल. मे महिन्यात ट्रान्सफॉर्मर जळाला की फोन लाइनमनलाच करणार ना?

खारघर_सेक्टर12
दुसरा पर्याय असता तर दंडाची वेळच आली नसती. मुंबई उपनगरात 2008 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर टाटाकडे जायचा रस्ता मोकळा झाला. आपल्या पट्ट्यासाठी 2022 मध्ये अदानीच्या कंपनीने समांतर परवाना, म्हणजे महावितरणच्याच भागात वीज वाटायचा परवाना, मागितला, तर जानेवारी 2023 मध्ये सरकारी वीज कंपन्यांचे कर्मचारी संपावर!

कळवा_पूर्व
समांतरवाला आधी महापेचे आयटी पार्क उचलणार, दिघ्याच्या चाळी महावितरणच्या गळ्यात. आणि खाजगी आले की साव होतात हे कोणी सांगितलं? आपल्या दाभोळवाल्या एन्रॉनच्या दलालांनीच 2000-01 मध्ये कॅलिफोर्नियात विजेचा बाजार नाचवला. त्यातून शहाणं होऊन अमेरिकेने 2005 मध्ये दंडाची मर्यादा प्रत्येक उल्लंघनाला दिवसाला 10 लाख डॉलर केली. 2013 मध्ये जेपी मॉर्गन बँकेच्या उपकंपनीने वीजबाजारातल्या अशाच खेळीच्या आरोपावर गुन्हा मान्य न करता 41 कोटी डॉलरवर तडजोड केली. त्यातले 12.5 कोटी दंड नव्हता, कमावलेला नफा परत घेतला होता, आणि तो बहुतेक कॅलिफोर्नियातल्या वीजग्राहकांकडे गेला. मला दंडात रस नाही, या 12.5 कोटींत आहे.

खारघर_सेक्टर12
ते अमेरिकेत. आपल्याकडे तसं कलम कुठाय?

कळवा_पूर्व
स्पर्धा कायद्यात 53एन आहे. आयोगाने दोषी धरल्यावर अपिलीय न्यायाधिकरणाकडे नुकसानभरपाई मागता येते, सरकारी कंपनीलासुद्धा. नुसता दंड वाढवून तिजोरी भरते. ऐरोलीकरांना हवा आहे परतावा, आणि मागत आहेत टक्का.

ऐरोलीकर
दोन्ही मागतोय, ताई. परतावा म्हणजे चोरलेलं परत देणं. पकडलं गेल्यावर एवढंच करायचं असेल तर पुढच्या वेळी कोण कचरणार?

माजी_उपअभियंता
महावितरणच्या दंडाला माझा विरोध कायम. पण कोळशाची भरपाई आली तर ती इंधन समायोजनात वजा करून दाखवा, 'थकबाकीत वळती केली' हे उत्तर नको.