साप हाताळणाऱ्यांना सहसा का चावत नाही? : अनुभव धागा, नाशिक

पावसात बिळं भरली की चाळीत, पडवीत साप निघतात आणि सर्पमित्राच्या हाती ते मुकाट येतात. यामागचं कारण जाणत्यांनी लिहावं. किस्से नकोत, हुक, पिशवी, अंतर यांचं नेमकं सांगा.

सर्पमित्र, पंचवटी
माणूस सापाला गिळता येत नाही, मग तो विष उगाच का खर्चील? पळायला वाट असेल तर तो पळतोच. आपलं काम ती वाट तयार करून देणं. तीन-चार इंची, दोन-अडीच फूट लांब पीव्हीसी पाइप घ्या, एका टोकाला गडद सुती पिशवी करकचून बांधा आणि मोकळं टोक भिंतीच्या कडेला टेकवा. हुकने मागून हळू सरकवलं की साप अंधाराकडे आपणहून जातो. मध्ये थांबला तर थांबू द्या, ढोसू नका. पाइप आखूड पडला तर हात पिशवीजवळ जातो आणि कापडातून दात आरपार येतात. म्हणून साप आत गेल्यावर पिशवीचा गळा आधी हुकच्या दांडीने जमिनीवर दाबायचा, मगच पिळून गाठ मारायची. पिशवी गाठीच्या वर धरायची, अंगापासून लांब.

गर्दी मात्र आधी मागे सारा. फोटोसाठी पोझ देताना लक्ष दुभंगतं आणि दंश तिथेच होतात.

सर्पमित्र, आडगाव
नाग अंगाचा साधारण तिसरा हिस्सा उचलतो आणि पुढे-खाली झेपावतो, पुष्कळदा तोंड मिटूनच. अंतर राखणाऱ्याला तो बहुधा नुसता दटावतो. घोणस निराळी. ती वेटोळ्यातून विजेसारखी झेपावते. तिची मुंडी तर कधीच धरू नये: दात लांब आणि फिरणारे असल्याने खालचा जबडा फोडूनही बोटात घुसतात. मण्यार दिवसा वेटोळ्यात डोकं लपवून गप्प पडते, म्हणून लोक बिनविषारी कवड्या साप समजून उचलतात. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात, मण्यारीचे शेपटीकडे जास्त ठळक. शंका असेल तर मण्यारच समजा.

कांदा उत्पादक, निफाड
कांदाचाळीत उंदीर असले की धामण येते. ती बिनविषारी, राहू द्या. आमच्याकडच्या कडाक्याच्या थंडीत साप मंद असतो, पण त्याला गरीब समजू नका. पळता येत नाही म्हणून तो जागेवरच उलटतो.

वैद्यकीय अधिकारी, ग्रामीण रुग्णालय
काही दंशांत विष सोडलेलंच नसतं, आणि त्यातून ‘मला विष बाधत नाही’ हा भ्रम पसरतो. उलट विषाशी वारंवार संपर्क आला तर ॲलर्जीचा धोका वाढतो. दंश झाल्यावर चिरू नका, चोखू नका, आवळपट्टी नको; अवयव स्थिर ठेवून थेट रुग्णालयात आणा. कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवलेलं रक्त गोठलं नाही, तर बहुधा घोणस किंवा फुरसं. मण्यारीच्या चाव्याची खूण कधी दिसतही नाही. पोटदुखी, जड पापण्या यांवरून ओळखावं लागतं. विषबाधा दिसली की प्रतिविषाच्या बहुधा ८ ते १० कुप्या सुरुवातीलाच लागतात.

सर्पमित्र, सातपूर
नागपंचमीच्या गारुड्याचं उदाहरण इथे देऊ नये. त्याच्या नागाचे दात उपटलेले किंवा तोंड शिवलेलं असतं. उपटलेल्या दातांच्या जागी नवे येतात, मग गारुड्यालाही चावा बसतो. पुंगीमागे नाग डोलतो तो तिच्या हलण्याकडे पाहून. साप १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतात, त्यामुळे पकडलेल्याची नोंद वनविभागाकडे द्या आणि सापडला त्याच परिसरात लवकर सोडा.