'रीड द रायट अॅक्ट' : यात वाचायचा काय संबंध?

गोदाकाठ:
गंगापूर रोडला दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. 'रीड द रायट अॅक्ट' म्हणजे कडक तंबी देणे, एवढं सांगून मोकळं व्हायचं जिवावर येतं. मुलं विचारतात, यात वाचायचं काय? कोणी नीट सांगेल का?

पंचवटीकर:
ताई, खरोखरच वाचायचे! ब्रिटनमध्ये हा कायदा १ ऑगस्ट १७१५ पासून लागू झाला. १२ किंवा जास्त लोकांनी दंगा मांडला की मॅजिस्ट्रेटने जमावासमोर उभं राहून राजाच्या नावाने ठरलेला मजकूर मोठ्याने वाचायचा. मग तासाभरात जे पांगले नाहीत, त्यांना थेट फाशीही होऊ शकत होती. मजकूर तंतोतंत वाचणं सक्तीचं. शेवटचं 'गॉड सेव्ह द किंग' राहून गेलं म्हणून आरोपींची शिक्षा टळल्याचंही उदाहरण आहे. हे मुलांना जरूर सांगा. सोबत आपल्या जमावबंदीचंही सांगा, पाच माणसांची अट त्यांना ऐकून माहीत असतेच.

जुनं नाशिक:
'हॉब्सन्स चॉइस' पण घ्या, म्हणजे नावापुरतीच निवड. केंब्रिजचा टॉमस हॉब्सन घोडे भाड्याने द्यायचा. दाराजवळचा घोडा घ्या, नाहीतर चालू लागा. चांगलेच घोडे सारखे दामटले जाऊ नयेत म्हणून त्याने पाळी लावली होती.

गोदाकाठ:
दादा, मनापासून आभार. उद्या एकाला मॅजिस्ट्रेट करून वर्गात वाचायलाच लावते. तो मूळ मजकूर आपल्या सार्वजनिक वाचनालयात मिळेल का?