मदत हवी आहे: माणसाचं जनावर होण्याच्या सोलापुरी गोष्टी

नमस्कार मंडळी. माणूस जनावराचं रूप घेतो, अशा आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या गोष्टी मी जमवतेय. हरणाच्या रूपातला किंदम ऋषी महाभारतामुळे माहीत आहे. मध्य भारतातली एक कथा 19व्या शतकातच नोंदली गेली: नवरा मुळी खाऊन वाघ होतो, उताऱ्याची मुळी बायकोच्या हातात असते, ती घाबरते आणि तो वाघच राहतो. ऐकताना काळजात चर्र होतं.

आपल्या नान्नजच्या माळावर तर लांडगे आजही आहेत. मेंढरं राखणाऱ्या घरांत लांडगा झालेल्या माणसाची गोष्ट कुणी ऐकलीय का? बार्शी, मोहोळ, मंगळवेढा, कुठलीही चालेल. अक्कलकोटकडची कानडी आणि सोलापूर शहराच्या पूर्व भागातली तेलुगू गोष्ट तर हवीच. ती नातवंडांपर्यंत पोचत नाहीये.

माणूस परत कसा येतो, अंगावर काय खूण राहते, हे आजी-आजोबांना मुद्दाम विचारा. त्यांच्याच शब्दांत रेकॉर्ड करून पाठवलंत तर उत्तम.

एक कळकळीची विनंती: गावातल्या कुणा बाईचं, घराचं नाव जोडू नका. असल्या संशयातून लोकांचे हाल झालेत, म्हणून तर 2013चा जादूटोणाविरोधी कायदा आला.