हिपॅटायटिस बी आहे, नुसती एएफपीची रक्ततपासणी करून भागेल का?

प्रश्न (डोंबिवली):
माझ्या दादाला हिपॅटायटिस बी आहे, वय ४६, टेनोफोव्हिर (व्हायरस दाबून ठेवणारी गोळी) चालू आहे. डॉक्टरांनी दर सहा महिन्यांनी लिव्हरची सोनोग्राफी आणि एएफपी (लिव्हर कॅन्सरचा संशय दाखवणारी रक्ततपासणी) सांगितलीय, पण सोनोग्राफीला उपाशीपोटी जा, नंबर लावा, यात अर्धा दिवस जातो आणि सुट्टी टाकावी लागते, म्हणून तो म्हणतो घरी येऊन रक्त नेतात तेवढं बास. आत्ता एएफपी ४.२ आलीय. आमच्या काकांना लिव्हरचाच कॅन्सर झाला होता त्यामुळे मला खूप टेन्शन आहे. सोनोग्राफी सोडली तर चालेल का?

उत्तर १:
अजिबात नाही ताई. मी परळला लॅबमध्ये आहे, एएफपीचे रिपोर्ट रोज बघते. कॅन्सरची गाठ लहान असताना बऱ्याच जणांची एएफपी वाढतच नाही, २० च्या वर संशयास्पद असा कट-ऑफ धरला तरी कॅन्सरचे साधारण ६० टक्केच पेशंट सापडतात. आणि उलटंही होतं, हिपॅटायटिस उसळला किंवा प्रेग्नन्सी असली तरी ती वाढते. जुने रिपोर्ट मात्र जपून ठेवा, ४ ची ९ आणि ९ ची १७ झाली तर रिपोर्टवर नॉर्मल छापून आलं तरी डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

उत्तर २:
पिव्हका-टू म्हणून पण टेस्ट असते ना? ती केली तर?

उत्तर १:
असते, तीही लिव्हर कॅन्सरसाठीची रक्ततपासणीच, एएफपीसोबत केली तर जास्त केसेस पकडल्या जातात. वय, लिंग, एएफपी, एएफपी-एल३ (एएफपीचाच एक प्रकार) आणि पिव्हका एकत्र धरून गॅलाड स्कोअर काढतात, तो चांगला आहे. पण वॉरफरिन (रक्त पातळ करणारं औषध) घेणाऱ्यांची किंवा व्हिटॅमिन के कमी असलेल्यांची पिव्हका कॅन्सर नसतानाही वाढते. आणि यातलं काहीही सोनोग्राफीऐवजी नाही, सोनोग्राफीसोबत.

उत्तर ३:
एक महत्त्वाचं राहिलं, हिपॅटायटिस बी मध्ये सिरोसिस (लिव्हर कडक होऊन खराब होणं) नसतानाही कॅन्सर होऊ शकतो, त्यात घरात काकांची केस, म्हणजे दादाने एकही सोनोग्राफी चुकवू नये. रिपोर्टमध्ये गॅसमुळे लिव्हर नीट दिसलं नाही असं लिहिलं असेल तर तेही डॉक्टरांना दाखवा, ते गरज वाटली तर सीटी किंवा एमआरआय सांगतील. लवकर सापडलेली छोटी गाठ ऑपरेशनने काढता येते किंवा जाळता येते हो, म्हणून एवढं सांगतोय. आणि तुम्ही स्वतः एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी ची रक्ततपासणी) केलीय का? आईपासून मुलांना लागण होते, भावंडांची तपासणी झालीच पाहिजे, निगेटिव्ह असाल आणि लस झाली नसेल तर घेऊन टाका. २०१८ पासून हिपॅटायटिसच्या सरकारी कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत.

प्रश्नकर्ती:
माझी तपासणी कधीच झाली नाही, आईची पण नाही. या शनिवारी तिघंही जातोय.