मदत हवी आहे: दाढदुखीचा रुग्ण जनरल प्रॅक्टिशनरकडे आला तर नेमकं किती करावं?

मी एमबीबीएस, सातपुड्याच्या पायथ्याशी एका बाजारगावात दवाखाना आहे. दातांचे डॉक्टर फक्त बाजाराच्या दिवशी येतात. एरवी दाढ ठणकली की माणसं माझ्याकडेच. येण्याआधी मेडिकलमधून ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल या अँटिबायोटिकच्या दोन-चार गोळ्या घेऊन झालेल्या असतात, दाढेत लवंग नाहीतर तंबाखू धरलेली असते. "डॉक्टर, सुई मारा आणि जरा भारी गोळी द्या." वरची दाढ काढली की नजर जाते, ही भीती इतकी पक्की की कळ थांबल्यावर दातांच्या डॉक्टरकडे कुणी फिरकत नाही. पुढच्या वेळी तीच माणसं गाल सुजवून येतात. फार वाईट वाटतं.

वाचून एवढं समजलंय की सूज नाही, ताप नाही, पण थंड-गरम लागून आलेली कळ बराच वेळ टिकते, तेव्हा दाह दाताच्या आतल्या नसेचा असतो आणि तिथे अँटिबायोटिक काहीच करत नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ च्या मार्गदर्शनातही हेच आहे. अशांना मी आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ५०० एकत्र देतो, जेवणानंतर. अल्सर, किडनीचा त्रास, दमा, गरोदरपण आधी विचारतो.

अडतं ते पुढे. हिरडीवर गळू, गाल थोडा सुजलेला, ताप नाही आणि बाजाराला अजून चार दिवस. अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक सुरू करू? मेट्रोनिडाझोल हे दुसरं अँटिबायोटिक सोबत लागतंच का? आणि रात्रीच जिल्ह्याला पाठवावं असा रुग्ण कसा ओळखायचा? मधुमेही रुग्ण बरेच आहेत, त्यांची जास्त काळजी वाटते.

प्रतिसाद १ (दंतवैद्य):
डॉक्टर, नसेच्या दाहाबद्दल तुमचं बरोबर आहे. गळू बोटाला मऊ, पाणी भरल्यासारखं लागत असेल तर पू बाहेर काढणं हाच खरा उपचार. तोंडाच्या आतून, सर्वात मऊ जागी छोटा छेद द्या. पू साठलेल्या जागी आम्लता वाढलेली असल्यामुळे भूल नीट धरत नाही, म्हणून इंजेक्शन जरा लांब द्या. नंतर कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. बाहेरून शेक मात्र देऊ नका.

दात लगेच उघडणं किंवा काढणं शक्य नसेल तर अमॉक्सिसिलिन ५०० दिवसातून तीनदा, पेनिसिलिनची ॲलर्जी विचारून. तिसऱ्या दिवशी स्वतः बघा. उतार नसेल तर मेट्रोनिडाझोल जोडा, पण पहिल्यापासून सरसकट नको. ते देताना दारू बंद करायला सांगा आणि रक्त पातळ करणारं वॉरफॅरिन चालू आहे का तेही बघा. मधुमेह्यांची साखर त्याच वेळी तपासा आणि त्यांना दुसऱ्याच दिवशी परत बोलवा.

तोंड दोन बोटंही उघडत नाही, जिभेखालची जागा लाकडासारखी कडक, जीभ वर उचललेली, लाळ गळतेय, गिळता येत नाही, आवाज बदललाय, सूज मानेत उतरलीय किंवा डोळा मिटलाय: यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. जिभेखालून दोन्ही बाजूंना पसरणारा हा संसर्ग लुडविग्ज अँजायना असू शकतो. बहुतेक वेळा तो खालच्या दुसऱ्या-तिसऱ्या दाढेपासून सुरू होतो आणि श्वास कोंडतो. रुग्णाला आडवं करू नका, बसवूनच न्या. शिरेतून पहिला डोस देऊन, भूलतज्ज्ञ आहेत अशा रुग्णालयात आधी फोन करून पाठवा.

प्रतिसाद २ (फिजिशियन):
एक भर घालतो. पन्नाशीचा माणूस खालचा जबडा दुखतो म्हणून आला, दात ठोकून दुखत नाही, पण चढ चढताना दुखणं वाढतं किंवा घाम येतोय, तर गोळी देण्याआधी ईसीजी काढा. हृदयाची कळ जबड्यातही येते.