मदत हवी आहे: रेडिओचा आणि मोटार-शर्यतींचा सुरुवातीचा इतिहास, पुस्तकं सुचवा

मंडळी, दोन वेगळ्या विषयांवरची पुस्तकं एकाच धाग्यात मागतोय, पण माझ्या डोक्यात ते दोन्ही एकमेकांत अडकलेत.

झालं असं की रद्दीवाल्याकडे एसा ब्रिग्ज यांच्या ब्रिटिश प्रसारण-इतिहासाचा पहिला खंड मिळाला. १९६१ चा. कडा कसरीने खाल्ल्यात, मजकूर शाबूत. त्या नादाने इकडेतिकडे वाचत गेलो तर १९२६ च्या डर्बीचा, म्हणजे इंग्लंडमधल्या घोड्यांच्या शर्यतीचा, किस्सा सापडला. वर्तमानपत्रवाल्यांच्या दबावामुळे बीबीसीला खेळाचं धावतं वर्णन करायची मुभा नव्हती, फक्त मैदानावरचे आवाज ऐकवायचे. नेमका त्या दिवशी पाऊस. चिखलात घोड्यांच्या टापाच वाजेनात!

पुढच्याच जानेवारीत, १९२७ मध्ये, लंडनच्या ट्विकनम मैदानावरून रग्बीचं पहिलं धावतं वर्णन झालं. 'रेडिओ टाइम्स'मध्ये मैदानाचे आठ चौकोन पाडून नकाशा छापला होता आणि दुसरा एक आवाज मधूनमधून चेंडू असलेल्या चौकोनाचा आकडा सांगायचा. वर्णन करणाऱ्या वेकलमसमोर म्हणे एका अंध रग्बीप्रेमीला बसवलं होतं, याला समजेल असं सांग म्हणून. आणि इथेच, १९२७ ला, माझा खंड संपतो. तोंडचा घासच गेला.

आता माझी शंका. रग्बीचं मैदान चौकोनात मावतं, मोटारींचं काय? इंग्लंडमधल्या ब्रुकलंड्सचा काँक्रीटचा मोटार-शर्यतींचा ट्रॅक १९०७ चा, पावणेतीन मैलांचा. गाड्या लांब गेल्या की कोण कुठला ते बघणाऱ्यालाच कळत नसणार. सुरुवातीला तर गाड्यांवर आकडे नव्हते, ड्रायव्हर जॉकीसारखे रंगीत रेशमी सदरे घालायचे. घोड्यांच्या रेसचीच नक्कल सगळी, शर्यतीआधी गाड्या उभ्या करायच्या जागेला पॅडॉक म्हणतात, तो शब्दसुद्धा तिथलाच. हे असलं रेडिओवरून कसं सांगत असतील? यावर, किंवा निदान दोन्ही विषयांवर वेगवेगळं, काय वाचू?

एक विनंती, छापील आवृत्ती सुचवताना जपून. जेराल्ड रोझचं १८९४ ते १९०८ च्या शर्यतींवरचं पुस्तक एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवलं, तर स्कॅन करून छापलेली प्रत आली. खाली गाडीचं नाव, वर नुसता काजळीचा चौकोन. परत घ्यायलाही तयार नाही. मराठीत काही असेल तर सोन्याहून पिवळं. आगाऊ आभार.

प्रतिसाद १
ब्रिग्जचा दुसरा खंड बघा, 'द गोल्डन एज ऑफ वायरलेस', १९२७ ते १९३९. पण फार आशा ठेवू नका. त्यांचा जीव कमिट्या, लायसन्स फी आणि बीबीसीचे तेव्हाचे प्रमुख जॉन रीथ यांच्यात जास्त रमतो. वेकलमचं 'हाफ टाइम' मिळालं तर आधी ते घ्या, माणूस स्वतः माइकसमोर बसलेला. शिवाय बीबीसीची 'जीनोम' साइट आहे, जुन्या 'रेडिओ टाइम्स'मधले कार्यक्रम तारखेसकट शोधता येतात. ब्रुकलंड्स टाकून बघा, फुकट आहे.

प्रतिसाद २
ब्रुकलंड्ससाठी बिल बॉडी यांचं पुस्तक. १९५७ ची एकत्रित आवृत्ती. सलग वाचायचं पुस्तक नव्हे ते, शर्यतीमागून शर्यत येत राहते, पण मधेच काहीतरी हाती लागतं. आसपासच्या रहिवाशांनी आवाजाबद्दल एवढी ओरड केली की रात्री गाड्या पळवायला बंदी आली. मग १९२९ मध्ये २४ तासांची शर्यत दोन दिवसांत १२-१२ तासांची केली, नाव 'डबल ट्वेल्व्ह'!
नुसती गोष्ट हवी असेल तर चार्ल्स जॅरटचं १९०६ चं पुस्तक. हा स्वतः १९०३ च्या पॅरिस-माद्रिद शर्यतीत होता. वाटेत इतके अपघात झाले, मार्सेल रेनॉसुद्धा त्यातच गेला, की बोर्दोलाच ती थांबवली.

प्रतिसाद ३
आपल्याकडचं चालेल का? एच. आर. लुथरांचं 'इंडियन ब्रॉडकास्टिंग', प्रकाशन विभागाचं, १९८६. मुंबई केंद्र सुरू झालं २३ जुलै १९२७ ला, म्हणजे तुमच्या त्या रग्बीनंतर सहाच महिन्यांनी. ते चालवणारी खाजगी कंपनी १९३० ला बुडाली, मग सरकारने कारभार हातात घेतला. भाषा सरकारी आहे, पण तपशील पक्के.
आणि मोटारींचं म्हणाल तर १९०८ ची मुंबई-कोल्हापूर चाचणी शोधा. ६२० मैल, वाटेत सहा घाट. 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाच्या रोल्स-रॉइसने ती गाजवली.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार! कोल्हापूरचं माहीतच नव्हतं, माझं आजोळ तिकडचं. 'हाफ टाइम'साठी कुणाकडे जास्तीची प्रत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, टपालखर्च माझा.
रद्दीवाल्याला ब्रिग्जच्या दुसऱ्या खंडाचं सांगून ठेवलंय. म्हणाला, "जाड असेल ना? मग येतो तो आमच्याकडे, लोक वजनाला कंटाळूनच देतात."