मदत हवी आहे: स्टीव्ही रे वॉनचा टोन, डिलक्स रिव्हर्बवर आवाज पातळ आणि किरकिरा येतोय

निषाद_कोमल
नमस्कार मंडळी. अमेरिकन ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉनचा तो भरदार, दाणेदार आवाज घरी जमवायचा आहे. सामान असं: स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) गिटार (तीन सिंगल कॉइल, मूळचे पिकअप, म्हणजे तारांचा आवाज उचलणारे चुंबक), ९-४२ च्या तारा (जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत), आयबानेझ टीएस-९ (ट्यूब स्क्रीमर) पेडल, फेंडर '६५ डिलक्स रिव्हर्ब रिइश्यू अँप (जुन्या अँपची नवी आवृत्ती, २३० व्होल्टचा).
गिटार अर्धा सूर खाली, ई फ्लॅटला लावली आहे. अँपचा व्हॉल्यूम २, ट्रेबल ६, बेस ६. पेडलचा ड्राइव्ह (आवाज फाटण्याचं प्रमाण) ७, लेव्हल (बाहेर पडणारा जोर) ५. खालच्या तारा फ्रेटवर खडखडतात, वरच्या टोचतात, आणि जोरात वाजवलं की सगळा चिखल होतो.
प्रश्न दोन. अँप बदलावा लागेल का? आणि १३ च्या तारा लावल्याशिवाय हा आवाज येतच नाही, हे खरं का? फ्लॅटमध्ये राहतो, हेही लक्षात घ्या.

मंद्रसप्तक
अँप बदलू नका, तुमचा अँप योग्य घराण्यातलाच आहे. वॉनचा पाया १९६४ च्या ब्लॅकफेस (काळ्या पॅनेलच्या) फेंडर व्हायब्रोव्हर्ब अँपचा: ४० वॉटच्या आसपास, दोन ६एल६ ट्यूब, एकच १५ इंची स्पीकर. त्याच्याकडे असे दोन होते. जोडीला चार १० इंची स्पीकरांचे सुपर रिव्हर्ब, आणि पुढे डंबल स्टील स्ट्रिंग सिंगर. हा डंबल १५० वॉटचा, कितीही वाढवला तरी लवकर न फाटणारा. हे अँप तो एकाच वेळी चालू ठेवायचा. फेंडर किंचित फाटलेला, डंबल स्वच्छ आणि घट्ट, आणि कानावर येते ती दोघांची बेरीज. त्यामुळे एका अँपवर ड्राइव्ह वाढवून ती जाडी शोधायला गेलात की हाती फक्त किरकिर येते.
त्याचा पहिला अल्बम 'टेक्सास फ्लड' नोव्हेंबर १९८२ मध्ये लॉस एंजेलिसला जॅक्सन ब्राऊनच्या स्टुडिओत अगदी थोड्या दिवसांत रेकॉर्ड झाला. तो लक्ष देऊन ऐका. डिस्टॉर्शन वाटतं त्यापेक्षा खूप कमी आहे. पिकचा घाव आधी ऐकू येतो, फाटणं त्याच्या मागून येतं.
पेडलचा उपयोगही तसाच. त्याने आधी टीएस-८०८, मग टीएस-९, शेवटी टीएस-१० वापरलं, पण काम एकच: अँपच्या पहिल्या ट्यूबला धक्का देणं. ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर आणा, टोन मध्यावर, लेव्हल तीन-चतुर्थांशाच्या पुढे. तुमचं नेमकं उलटं आहे.

सोल्डर_६०_४०
वरच्या प्रतिसादाशी सहमत. हे का चालतं तेही समजून घ्या, म्हणजे नॉब अंदाजाने फिरवावे लागणार नाहीत.
ब्लॅकफेस फेंडरच्या टोन सर्किटमध्ये ४०० ते ५०० हर्ट्झच्या आसपास खड्डा असतो, म्हणजे मधला भाग दबतो. डिलक्स रिव्हर्बला मिडलचा नॉबही नाही, त्यामुळे तो खड्डा तुम्हाला भरता येत नाही. ट्यूब स्क्रीमरच्या (तुमच्या टीएस पेडलच्या) क्लिपिंग, म्हणजे आवाज फाटवणाऱ्या भागात ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर आहे. ते दोघं मिळून ७२० हर्ट्झच्या खालचा बेस कमी वाढवतात. मधला भाग फुगतो, अँपचा खड्डा बऱ्यापैकी भरतो, आणि खालच्या तारा अँपला चिखल करण्याइतक्या जोराने आदळत नाहीत. बेस ६ वर ठेवून ड्राइव्ह ७ केलात की हा सगळा फायदा वाया जातो. बेस ३ वर आणा.
आता टोचण्याचं कारण. तुमच्या अँपला नॉर्मल आणि व्हायब्रेटो अशी दोन चॅनेल आहेत. व्हायब्रेटो चॅनेलच्या व्हॉल्यूम नॉबवर ४७ पिकोफॅरडचा ब्राइट कॅपॅसिटर आहे. व्हॉल्यूम कमी असतो तेव्हा तो वरचे सूर सर्वांत जास्त पुढे ढकलतो, व्हॉल्यूम वाढवत जाल तसा त्याचा परिणाम विरतो. म्हणजे २ वर हा अँप सर्वांत जास्त टोचणार, ४.५ ते ५ वर गोल होणार. फ्लॅटसाठी दोन मार्ग आहेत.
एक, नॉर्मल चॅनेल वापरा. त्यावर ब्राइट कॅपॅसिटर नाही. मात्र रिव्हर्बही (आवाज घुमवणारा परिणाम) नाही, तेवढं सोसावं लागेल.
दोन, अँप आणि स्पीकरच्या मध्ये ८ ओहमचा अटेन्युएटर (स्पीकरला जाणारा जोर कमी करणारा डबा) लावा, २२ वॉटच्या दुप्पट तरी क्षमतेचा. मग व्हॉल्यूम ४.५, ट्रेबल ५, बेस ३, रिव्हर्ब २. अटेन्युएटर जोडताना अँप बंदच हवा. स्पीकर किंवा लोड न जोडता ट्यूब अँप चालू केलात तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि तो खर्च मोठा असतो.
जाता जाता: ८०८ साठी जादा पैसे मोजू नका. ८०८ आणि ९ मध्ये सर्किटचा फरक मुख्यतः आउटपुटच्या दोन रेझिस्टरांचा आहे, १०० ओहम व १० किलोओहमच्या जागी ४७० ओहम व १०० किलोओहम. तेवढ्याने तुमचा प्रश्न सुटणारा नाही.

मोडकी_फ्रेट
तारांचं बोलतो, कारण तुमचा अर्धा त्रास तिथे आहे.
अर्धा सूर उतरवलं की ताण सुमारे ११ टक्के कमी होतो. तुमची ९ ची पहिली तार ई ला साधारण ५.९ किलो ताणलेली असते, ई फ्लॅटला ५.३ राहते. खडखड होणारच. वॉनचा गाजलेला संच १३, १५, १९, २८, ३८, ५८. त्यातली १३ ची तार ई फ्लॅटला ११ किलोच्या आसपास जाते. त्यावर दीड सुराचा बेंड (तार ओढून सूर चढवणं) रोज घेतला की बोटांची सालं निघतात. त्याची स्वतःचीही निघायची, आणि पुढे त्याने वरच्या तारा हलक्या केल्या.
तुम्ही ११-४९ घ्या: ११, १४, १८, २८, ३८, ४९. चौथी आणि पाचवी तार अगदी त्याच्याच जाडीची आहे, आणि पहिलीवर ई फ्लॅटला ७.९ किलो ताण येतो. दमदारही आणि झेपणाराही.
पण नुसत्या तारा बदलून वाजवायला बसू नका. जाड तारा ९ साठी कापलेल्या नटच्या (मानेच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत अडकतात. बेंड घेतला की 'टिक' असा आवाज होतो आणि तार बेसूर होऊन परतते. नटच्या फाइलने खाच रुंद करा, खोल नाही. खोल गेली की नट बदलावाच लागतो. मग ट्रेमोलोच्या (हलणाऱ्या पुलाच्या) मागे पाचही स्प्रिंग लावून क्लॉचे (स्प्रिंग अडकवतात त्या पट्टीचे) स्क्रू घट्ट करा, पूल पुन्हा जागेवर येईपर्यंत. ट्रस रॉड (मानेचा बाक ठरवणारी आतली सळई) एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका आणि रात्रभर थांबा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून आणि शेवटची फ्रेट दाबून सातव्या फ्रेटपाशी पाव मिलिमीटर फट दिसली की पुरे. बाराव्या फ्रेटवर जाड तार २ मिलिमीटर उंच, पहिली १.७. शेवटी इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक तार वरच्या फ्रेटवरही सुरात येईल असं जुळवा.
आणि नेक पिकअप खाली घ्या. सैल तारेला चुंबक ओढतो, मग जाड तारेवर वरच्या फ्रेटला एकाच सुरात दोन सूर भांडल्यासारखे ऐकू येतात. शेवटची फ्रेट दाबून जाड तार आणि चुंबक यांच्यात ३ मिलिमीटर ठेवा, बारीक तारेकडे २.४.

निषाद_कोमल
मनापासून आभार. नॉर्मल चॅनेल, व्हॉल्यूम ४, बेस ३, ड्राइव्ह शून्य, लेव्हल ८ करून पाहिलं. टोचणं गेलं, पेडल चालू केलं की आवाज पुढे येतो. ११-४९ मागवल्या आहेत, नटचं काम कारागिराकडून करून घेतो.
पुढचा प्रश्न: मित्राचा एक छोटा अँप सोबत लावला तर त्या 'बेरजे'च्या जवळ जाता येईल? आणि वॉनचा तो पंख्यासारखा फिरणारा आवाज कशाने येतो?

सोल्डर_६०_४०
दोन अँप जरूर लावा, पण नुसत्या वाय-केबलने (एका टोकाची दोन टोकं करणाऱ्या वायरने) नको. दोघांच्या अर्थिंगची साखळी होऊन ५० हर्ट्झची घुमघुम सुरू होते. ती घालवायला थ्री-पिनचा अर्थ कधीही तोडू नका. तसं केलं आणि अँपमध्ये दोष निघाला तर गिटारच्या तारांमधून शॉक तुमच्या हाताला बसेल. एका आउटपुटला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला स्प्लिटर घ्या. दोन्ही चालू केल्यावर बेस अचानक गायब झाला तर फेज उलटी आहे, म्हणजे एक स्पीकर पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. बरेच स्प्लिटर फेजचा खटका देतात. नसेल तर एका अँपच्या स्पीकरच्या दोन वायर अदलाबदल करा. ब्लॅकफेस फेंडरच्या नॉर्मल आणि व्हायब्रेटो चॅनेलची फेजही एकमेकांच्या उलट असते, म्हणून चॅनेल बदललंत तर हे पुन्हा तपासा.
फिरणारा आवाज फेंडर व्हायब्राटोनचा. तो लेस्लीच्या (ऑर्गनसोबत वापरतात त्या फिरत्या स्पीकरच्या) धर्तीवरचा स्वतंत्र डबा आहे, आत १० इंची स्पीकर आणि त्याच्यासमोर फिरणारा ड्रम, वेग दोन. त्यात स्वतःचा अँप नसतो, बाहेरचा जोडावा लागतो. वॉन त्यासाठी एक व्हायब्रोव्हर्ब राखून ठेवायचा. घरी रोटरी पेडल पुरेल. ते ट्यूब स्क्रीमरच्या नंतर लावा, वेग कमी, आणि शक्य असेल तर फक्त दुसऱ्या अँपवर.
मित्राचा अँप अमेरिकेतून आणलेला असेल तर मागची पाटी वाचा. १२० व्होल्ट लिहिलं असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय भिंतीला लावू नका. पाटीवर जितके वॉट लिहिलेत त्याच्या दीडपट क्षमतेचा घ्या, आणि त्याला अर्थची पिन आहे ना ते दुकानातच पाहा.

मोडकी_फ्रेट
तारा आल्या की पहिले दोन दिवस रोज पुन्हा सुरात लावा, ट्रस रॉडला त्यानंतरच हात घाला. आणि पिक मीडियम घेऊन त्याच्या गोल कडेने वाजवून बघा. वॉन तसंच वाजवायचा. टोकाचा करकरीतपणा जातो आणि तार जास्त जोराने ओढता येते.